पाठ फिरवू नका, हिशेब मागा

हिरड्याच्या चूर्णाच्या डबीवर औषधाचे गुण छापलेले असतात. त्यातला हिरडा कुणी वेचला, त्याला किलोमागे काय मिळालं, हे छापलेलं नसतं. ते पाहायचं तर माळशेज घाट चढून मढला यावं. तिथून जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आंबे, हातवीज, इंगळूनकडे किंवा पलीकडे आंबेगावातल्या आहुप्याकडे वळावं. उन्हाळ्यात इथल्या महादेव कोळी घरांचा रोकडा आधार म्हणजे बाळहिरडा.

आठळी धरण्याआधीचं कोवळं फळ काढायचं. गडी झाडावर चढून काठीनं फांद्या झोडतो, खाली बायका वेचतात आणि सुट्टीतली पोरंही. मग ते हिरवं फळ काळं पडून सुरकुतेपर्यंत अंगणात उन्हाला घालायचं. वळवाचा पाऊस आला की सगळा माल धावत पडवीत. भिजला तर बुरशी धरते आणि भाव जातो. माणूस झाडावरून पडला तर औषधपाणी घरच्या पैशानं. एवढं करून काट्यावर व्यापारी म्हणतो, ‘ओला आहे’, आणि घट लावतो. त्याच्याकडूनच आधी उचल घेतलेली असेल, तर वाद घालायचा कुठल्या तोंडानं?

हे ऐकून शहरातला भला ग्राहक म्हणतो, असा माल आम्हाला नको. त्याचा राग खरा आहे, पण त्याचा फटका बसतो कुणाला? कंपनी हिरडा दुसऱ्या जंगलातून उचलेल. व्यापारी ‘मागणी पडली’ म्हणून भाव आणखी पाडेल. पावसाळ्याचं धान्य भरायचे पैसे मात्र हातवीजच्या घरात येणार नाहीत, आणि त्या घरातलं पोर हिरड्याऐवजी दुसऱ्या कुठल्या तरी मजुरीला जाईल.

गिऱ्हाईक उठून गेलं की काय होतं, हे या पट्ट्यानं भोगलं आहे. आदिवासी विकास महामंडळ पूर्वी इथे हिरडा घेत असे. ती खरेदी थांबली. झाडं तीच, कष्ट तेच, फक्त भाव ठरवायला एकटा व्यापारी उरला. महामंडळानं पुन्हा काटा लावावा म्हणून किसान सभेला आंदोलनं करावी लागली. जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हिरड्याचं नुकसान झालं, तेव्हा भरपाईसाठीही पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं.

बांगलादेशाचा धडा तर जगापुढे आहे. बालमजुरांनी केलेल्या मालावर बंदी आणण्याचं विधेयक 1992 मध्ये अमेरिकेत मांडलं गेलं. नुसत्या धाकानं कापड कारखान्यांनी हजारो पोरं काढून टाकली. ती शाळेत गेली नाहीत. युनिसेफनं माग काढला, तेव्हा त्यातली अनेक खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांत सापडली. 1995 मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना एका टेबलावर बसले. आधी शाळेत जागा, मग कामातून सुटका आणि पोराला विद्यावेतन, असं ठरलं. हे पहिल्या दिवशीच करता आलं असतं.

‘चर्चा करू’ म्हणत वर्षानुवर्षं तोच माल त्याच भावात उचलणारेही आहेत. त्यांची चर्चा म्हणजे वेळकाढूपणा. म्हणून बोलणी कागदावर हवीत, तारखेसह आणि पैशांसह. बांगलादेशातच 2013 मध्ये कापड कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतरच्या करारावर कामगार संघटनांच्याही सह्या होत्या. त्यात ठरलं ते असं: माल घेणाऱ्या कंपन्यांनी निदान दोन वर्षं खरेदी टिकवायची, दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहायचं, आणि तरीही जो कारखाना सुधारणार नाही त्याच्याशी व्यवहार तोडायचा. तोडणं त्यातही होतं, पण सगळ्यात शेवटी.

हे आपल्याकडेही जमतं. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या पुण्याच्या संस्थेनं भीमाशंकर परिसरात हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळी लोकांबरोबर ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्राचं काम केलं. झाड जपून तोडणी, वेचणाऱ्याला रास्त दाम, मुलांच्या कामाला मर्यादा, अशा त्याच्या अटी आहेत. गिऱ्हाईक पाय रोवून उभं राहिलं तरच अशा अटींना वजन येतं.

तेव्हा मढच्या वरच्या वाड्यांसाठी मागणी साधी आहे. वनहक्क कायदा 2006 नं गौण वनोपजाची मालकी वननिवासी माणसाला दिली आहे. कंपन्यांनी त्या मालकाच्या ग्रामसभेशी थेट करार करावा. हंगामाआधी भाव जाहीर करावा, गावात गावाचा काटा असावा, झाडावर चढणाऱ्याचा विमा उतरवावा. पोरांना कामातून सोडवायचं तर मोठ्यांना पुरेल असा दाम द्यावा. ग्राहकानं डबी खाली ठेवण्याआधी कंपनीला पत्र लिहून यातलं एकेक विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नये. कंपनी बधली नाही, तर बहिष्कारही घालू. पण तो कधी घालायचा, हे पुण्या-मुंबईतून ठरणार नाही. ज्यांची चूल त्यावर पेटते, त्यांच्या ग्रामसभेनं ठराव करून सांगावं. मग आपण एकही डबी उचलायची नाही.