एकोणचाळीस मिनिटांचा हक्क

उशिरा उठणाऱ्याला मराठी घरात वकील मिळत नाही. परीक्षेत नापास झालेल्याची बाजू एखादी मावशी तरी घेते. आठ वाजता अंथरुणात सापडलेल्याची कोणीच घेत नाही. लवकर निजून लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती मिळते, हे आपल्याला अक्षरओळख व्हायच्या आधीच पढवलेलं असतं. आमचा दूधवाला पहाटे तीनला उठतो. त्याच्या संपत्तीचं काय झालं, असं एकदा विचारून पाहा. ‘विषय बदलू नकोस’ एवढंच उत्तर येईल.

म्हणून मी माझा बचाव भूगोलावर उभा केला आहे. भारताची प्रमाणवेळ ठरते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून. मुंबई त्याच्या पश्चिमेला, जवळपास दहा अंश लांब. एक अंश ओलांडायला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे मिर्झापूरच्या डोक्यावर आलेला सूर्य मुंबईच्या डोक्यावर यायला सरासरी ३९ मिनिटं लागतात. घड्याळात सहा वाजतात तेव्हा मुंबईच्या आकाशात पाच वाजून एकवीसच मिनिटं झालेली असतात. ‘सहाला उठायला काय होतं?’ असं विचारणारा माणूस मला प्रत्यक्षात ५.२१ ला उठवू पाहत असतो. हा सरळसरळ अन्याय आहे. पुण्याचा हक्क साधारण ३५ मिनिटांचा. उरलेला वेळ पुणेकर दुपारी एक ते चार वसूल करतात. नागपूरकरांच्या वाट्याला मात्र जेमतेम चौदा मिनिटं येतात, तिथे माझी वकिली चालायची नाही.

हा हक्क एके काळी रीतसर मान्य होता. मुंबई टाइम ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता. १८८१ साली सरकारने शहराला मद्रास टाइम लावून पाहिला. लोकांनी इतकी कुरकुर केली की तो हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून देशभर प्रमाणवेळ आली आणि मुंबई पुन्हा बिथरली. सभा झाल्या, अर्जविनंत्या झाल्या. गिरणी कामगारही खवळले, कारण भोंगा त्याच आकड्यावर वाजणार आणि माणसाला मात्र चाळीस मिनिटं आधी, अंधारात, चाळीच्या नळावर उभं राहावं लागणार. महापालिकेने तर आपल्या घड्याळांत मुंबई टाइमच ठेवला, तो थेट १९५५ पर्यंत. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, तरी रेल्वेचं घड्याळ एक सांगे आणि पालिकेचं दुसरं. जुन्या निमंत्रणपत्रिकांवर वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ छापलेलं दिसतं, ते या भानगडीपायी.

१९५५ साली पालिकेने हार मानली. शरीराने मानली नाही. त्याला त्या ठरावाची प्रत कोणी पाठवलीच नसावी.

शरीराचं घड्याळ बसवलेलं आहे दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर. सुमारे वीस हजार पेशींचा तो ठिपका. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांना समोर बायको आहे की बॉस, यात फारसा रस नसतो. उजेड किती आहे एवढंच त्या कळवतात, आणि निळसर उजेडाची त्या विशेष दखल घेतात. अंधार पडला की पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन झिरपायला लागतं आणि रात्र झाल्याची दवंडी सगळ्या अंगभर पिटली जाते. पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाचं तापमान सर्वांत खाली असतं. मग कॉर्टिसॉल चढतं, रक्तदाब चढतो, गाडी सुरू होते. हृदयविकाराचे झटके दिवसातल्या इतर वेळांपेक्षा सकाळच्या तासांत जास्त येतात, हेही खरं आहे. पहाटे उठून टेकडी चढणाऱ्यांना हे ऐकवायची माझी फार इच्छा असते, पण वकिलाने कुठे थांबावं हेही कळायला हवं.

हे घड्याळ आतलंच आहे, बाहेरून कोणी किल्ली देत नाही, हे पहिल्यांदा दाखवलं एका झुडपाने. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात कोंडून ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पुढची मोठी मजल मारली केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांनी. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना अमेरिकेत तीन तऱ्हेवाईक चिलटं सापडली: एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा आणि तिसऱ्याला कसलंच ताळतंत्र नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तिन्ही प्रकार राहतात. गंमत अशी, की तिघांचा बिघाड एकाच जनुकात निघाला. ते जनुक रात्री एक प्रथिन तयार करवतं. प्रथिन पुरेसं साठलं की ते पेशीच्या केंद्रात शिरून त्या जनुकाचंच तोंड बंद करतं. मग प्रथिन विरत जातं आणि जनुक पुन्हा बोलू लागतं. या फेरीला चोवीस तास लागतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसाची फेरी मात्र नेमकी चोवीस तासांची नाही. ती दहा-बारा मिनिटांनी जास्त भरते. रोज सकाळच्या उजेडाने कान पिळला नाही, तर आपण रोज थोडं थोडं घसरत जाऊ. म्हणजे उशीर हा माणसाचा स्थायीभाव आहे आणि वक्तशीरपणा ही सूर्याची कृपा. माझ्या बचावातला हा सर्वांत भक्कम मुद्दा. तो घरात मांडला तेव्हा कोणीतरी उठून खिडकीचा पडदा सरकवला.

वयाचाही यात हात आहे. शेजारचे आजोबा साडेचारला उठतात आणि त्याचं सारं श्रेय आपल्या चारित्र्याला देतात. त्यांचा दहावीतला नातू रात्री एकपर्यंत टक्क जागा आणि सकाळी सातला मेल्यासारखा. वयात येताना मेलाटोनिनची दवंडी उशिरा पिटली जाते आणि म्हातारपणी लवकर, असं आहे ते. पोरगा आळशी नाही आणि आजोबा ऋषी नाहीत. दोघंही आपापल्या रसायनांनी वागतात. पण सातची शाळा ठरवतात ती आजोबांच्या वयाची माणसं.

दुपारच्या डुलकीचंही तसंच. तिचा दोष वरणभातावर आणि श्रीखंडावर टाकायची पद्धत आहे. पण जेवण चुकवलं तरी दुपारी डोळे जडावतातच. ती ओहोटी घड्याळातच आहे. आयुर्वेद दिवसा झोपण्याबद्दल तसा कडक. उन्हाळ्यात चालेल, आजाऱ्याला चालेल, म्हाताऱ्याला चालेल, रात्री जागलेल्याला चालेल. एवढ्या सवलतींत घरातला प्रत्येक जण कुठे ना कुठे बसतो, मे महिन्यात तर हमखास.

खरी पंचाईत पुढे आहे. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं आहेत, आणि ती ताटाकडे पाहतात. रात्री साडेअकराला बिर्याणी मागवली की मेंदू म्हणतो रात्र आणि यकृत म्हणतं दिवस. आत पुन्हा रेल्वे आणि महापालिकेचं भांडण सुरू. तीच थाळी सकाळी खाल्ली तर रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते, कारण त्या वेळी इन्शुलिनची बाजू लंगडी असते.

हे भांडण पगार घेऊन रोज करणारी माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत: नर्स, वॉचमन, पोलीस, हिंजवडीत बसून अमेरिकेच्या वेळेवर बोलणारी मुलं. गिरण्या गेल्या, रातपाळी राहिली. रातपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला झोपायला जातो म्हणजे काय, ते जवळून पाहावं. खिडकीच्या गजांना जुनी चादर चिमट्यांनी लावलेली, वरून वर्तमानपत्र. बाहेर कुकरची शिट्टी. भंगारवाल्याची आरोळी. कुरियरवाला बेल वाजवून शेजारच्यांचंच पार्सल ‘ठेवून घ्या’ म्हणतो. बाराला सासूबाई हलकेच दार उघडून विचारतात, ‘झोपलायत का हो?’ आणि हे सगळं टळलं तरी अंगाचं तापमान चढत्या वाटेवर असतं, आतलं घड्याळ उठ म्हणत असतं. चार-पाच तासांवर झोप जात नाही. वर्षानुवर्षं हे चाललं तर मधुमेह आणि हृदयविकार यांची शक्यता वाढते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००७ मध्ये रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं.

रात्रीची ड्युटी म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांना नीट कळलं त्यांनी त्याची व्यवस्था पंढरपुरात करून ठेवली आहे. आषाढी एकादशी ही शयनी एकादशी; या दिवशी देव चार महिन्यांसाठी झोपी जातात, असं पंचांग सांगतं. आणि नेमक्या त्याच यात्रेसाठी पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढून घेतात! लाखो माणसं दर्शनाला चालत आलेली, तेव्हा चोवीस तास दर्शन चालू, शेजारती बंद, काकडआरती बंद. जो झोपलाच नाही त्याला उठवणार काय? पाठीला आधार म्हणून मागे मऊ लोड देतात, तेवढीच सवलत. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. दिवसरात्र उभं राहून आलेला शीण जावा म्हणून देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री पलंग पुन्हा जागेवर येतो आणि औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात. मग शेजारती.

कार्तिकीला पुन्हा हेच. वर्षातून दोन मोठ्या रातपाळ्या, आणि प्रत्येकीनंतर भरपाई ठरलेली. आमच्या वॉचमनकाकांना महिन्यातल्या चार सुट्या सोडल्या तर रोजच रात्र. एजन्सीकडून रात्रीचा भत्ता मिळतो, काढा ते स्वतःच टपरीवर उकळून घेतात, चहा म्हणून.