बाबू गेनूंच्या पाण्यात विलायती होडी

जुन्नरचा आणि समुद्राचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून शाबूत आहे. मग पुढे समुद्राचं फारसं काही इकडे आलं नाही. अलीकडे माझी सी-कायाक आली. तीही चाकणमार्गे, गाडीच्या टपावर.

लांबी सतरा फूट, रुंदी जेमतेम माझ्याएवढी. ही जात मूळची ग्रीनलंडच्या इनुइट लोकांची. हाडालाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं, आणि काम शिकारीचं. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन १९३२ साली घडीच्या कायाकमधून डॅन्यूब नदीत उतरला, हिंदुस्थानचा किनारा वल्हवत पार केला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं. पोलिसांनी म्हणे आधी त्याचं अभिनंदन केलं, मग अटक केली. नारायणगावात माझ्या वाट्याला दोन्ही आलं नाही.

कायाक दारात उतरवली तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, “बिबट्याचा पिंजरा आनला का रं?” आमच्या तालुक्यात दाराशी लांबट काही आलं की पहिला अंदाज हाच. होडी आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “हिच्यात बसून जायाचं कुठं?” मी म्हणालो, डिंभे धरणात. “आन मग?” या ‘आन मग’ला माझ्याकडे अजून उत्तर नाही. घरात हिचं म्हणणं असं की तेवढ्या पैशात शेततळं झालं असतं, आणि निदान ही वस्तू ठेवायला जागा झाली असती.

परवानगीचा कागद खिशात घालून मे महिन्यात भाच्याला घेऊन निघालो. मंचर, घोडेगाव, डिंभे. डोंगर चांगले आहेत.

कायाकमध्ये पाणी येऊ नये म्हणून कंबरेला एक रबरी घागरा बांधतात, स्प्रे-स्कर्ट. तो चढवत होतो तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, यंदा कोणत्या फडात?” तमाशाच्या पंढरीत, नारायणगावात वाढलेलं पोर, दुसरं काय विचारणार?

घोड नदीवरच्या या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाचा ट्रक अडवायला ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. त्यांच्या नावाच्या पाण्यात मी विलायती होडी, विलायती वल्हं आणि विलायती घागरा घेऊन उतरलो होतो. पुढे जे झालं ते रीतसरच झालं.

दुपारी वारा सुटला. लांब कायाकची एक खोड असते: बाजूने वारा आला की ती नाक वाऱ्याकडे वळवते. त्यावर इलाज म्हणून बुडाखाली स्केग नावाचा सरकता पंख असतो. माझ्या स्केगच्या खाचेत काठावरचा खडा अडकला होता. मला पूर्वेला जायचं होतं, कायाकला भीमाशंकरला. दोघांच्या भांडणात आम्ही भलत्याच काठाला लागलो.

काठ म्हणजे गाळ. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा तो उघडा पडतो, वरून पापुद्रा धरतो आणि सभ्य जमिनीसारखा दिसतो. मी घागरा सोडला, ऐटीत पाय खाली ठेवला. पाय गेला. दुसरा त्याला शोधायला गेला. मांड्यांपर्यंत रुतलो. एक पाय उपसला की दुसरा खोल, आणि सँडल कायमची तालुक्याची झाली. समोरच्या काठावरून भाचा हातवारे करत होता. मदतीसाठी असावेत असं मी धरून चाललो. नंतर कळलं, व्हिडिओ काढत होता.

तेवढ्यात ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसलेला एक मच्छीमार हातांनी पाणी मारत आला. सतरा फुटी समुद्रवीराकडे पाहून म्हणाला, “काका, पाय वडू नगा. होडीवर पालथं पडा. पान्यानं आलात, पान्यानंच जा. गाळातून कोन घरी जातं?”

मी पालथा पडलो, सरपटत पुन्हा पाण्यात आलो. त्याने दाखवलेल्या मुरमाड उतारावर उतरलो. त्याने बाटलीतलं पाणी दिलं आणि मधल्या पाण्याकडे बोट केलं. “तितं आमचं घर व्हतं. आज्याचं.”

या धरणाखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला नाव देऊन ते बुडालं. जमिनी गेलेल्या आदिवासींनी, कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने, याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी संस्था काढली. पाणी हटलं की याच गाळपेर जमिनीत ते पीकही काढतात. ज्याचं घर खाली, तो वर ट्यूबवर. आणि आम्ही इथे हौस करायला येतो! त्या दिवशी मला स्वतःचा नाही, त्या धरणाच्या हिशेबाचा राग आला.

तुम्ही कायाक घेऊन डिंभ्याला जाणार असाल तर पावसाळ्यानंतर, तळं भरलेलं असताना जा, आणि वारा सुटायच्या आत परता. पाण्यावर रिकामे डबे तरंगताना दिसले तर तो कचरा नव्हे. खाली कुणाचं तरी जाळं असतं. लांबून वळसा घाला.