मसालेभाताच्या नावाखाली पुलाव वाढणाऱ्या केटररसाहेबांस

केटररसाहेब,

परवाच्या लग्नात तुमच्या काउंटरवर ‘पारंपरिक मसालेभात’ अशी पाटी होती आणि तिच्यामागच्या भांड्यात लांब दाण्याचा पिवळा पुलाव होता. त्यात पनीरचे चौकोन होते, फ्रोझन मटार होते, गाजराचे तुकडे आणि सोयाबीनच्या वड्या होत्या. वर तळलेला कांदा. वास गरम मसाल्याचा. तोंडली नव्हती, ओलं खोबरं नव्हतं, तूप नव्हतं. तुमच्या भटारखान्यात गोडा मसाल्याचा डबा असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पुलावाशी माझं भांडण नाही. पुलाव म्हणून वाढलात तर मी खाईन आणि चांगला असेल तर चांगला म्हणेन. पण तुम्ही त्याला दुसऱ्याचं नाव लावलंत, तेही लग्नाच्या जेवणात, जिथे यजमान कुणाकुणाशी बोलण्यातच गुंतलेला असतो आणि पाहुणा तक्रार करत नाही. या दोघांच्या संकोचावर तुमचा धंदा चालतो, आणि हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

मसालेभात तुम्हाला येत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. येतो, पण करायचा नाही, हा माझा आरोप आहे. कारण आपलं जेवण काही गुपित राहिलेलं नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली छापलं गेलं, त्यात हजार पाककृती होत्या. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे नवख्या सुनांपासून परदेशी शिकायला गेलेल्या मुलांपर्यंत सगळ्यांनी ते हाताशी ठेवलं. ज्याला करायचंय त्याला कुणी अडवलेलं नाही.

तरीही सांगतो, कारण तुमच्या पोरांनी हे एकदा ऐकलं पाहिजे. गोडा मसाला म्हणजे गरम मसाल्यात चिमूटभर साखर नव्हे. धने, जिरे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडायला लागतात तेव्हा धने अजून कच्चे असतात आणि खोबरं जरा जास्त तापलं की अख्खा मसाला कडवट होतो. दगडफूल नुसतं हुंगलं तर त्याला काही फार वास नाही. तेलाच्या थेंबावर परतलं की मग तो खोल, काळसर सुगंध सुटतो, ज्यावरून मांडवाच्या बाहेरच कळायचं की आज मसालेभात आहे.

आणि तोंडली. तोंडल्याशिवाय मसालेभात होतो, वांग्याचा होतो, मटाराचा होतो, घरोघर करतात, मीही खातो. पण लग्नाचा मसालेभात तोंडल्याचाच. उभी चिरलेली, हिरवीगार, चिरताना आतून लाल निघालेली बाजूला काढलेली. ती फोडणीत आधी परतून घ्यायची, मग निथळलेले तांदूळ, मग मसाला, मग आधणाचं पाणी, मीठ आणि गुळाचा खडा. भात शिजतो, पण तोंडली मऊ पडत नाहीत. दाताखाली येतात आणि मसाला धरून ठेवतात. पनीरला हे कधीच जमत नाही. पनीर त्या भातात शेवटपर्यंत परकंच राहतं, मसाला त्याच्या आत शिरत नाही.

तुम्ही म्हणाल, खर्च परवडत नाही. तोंडली पनीरपेक्षा स्वस्त आहेत साहेब. महाग पडते ती चिरणाऱ्याची मजुरी. पोतंभर तोंडली उभी चिरायला चार माणसं पहाटेपासून बसवावी लागतात, आणि पनीर ठोकळ्यातून दहा मिनिटांत कापून होतं. तुमची बचत तिथे आहे. पाहुण्यांना मात्र तुम्ही उलटं सांगता, की आम्ही भातात पनीर घालतो, म्हणजे आम्ही हात आखडत नाही.

तांदळाचं तुमचं म्हणणं मला थोडं पटतं. आंबेमोहोर खरंच महाग आहे. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा उतारा कमी आणि रोप उंच वाढून आडवं पडणारं, त्यामुळे मावळ-मुळशीतला शेतकरीसुद्धा इंद्रायणीकडे वळला. ही इंद्रायणी आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात तयार झाली आणि १९८७ साली शेतात आली. नवी असेल तर तिचा गोळा होतो, हेही खरं. मग जुना तांदूळ घ्या. जुना कोलम घ्या. बासमतीच का? तर खाली जाळ ठेवलेल्या त्या स्टीलच्या भांड्यात तीन तास पडून राहिला तरी दाणा मोकळा दिसतो म्हणून. म्हणजे तांदूळ कुठला हे आता भांडं ठरवतं. पूर्वीचे आचारी एक पंगत उठताना दुसरा हंडा उतरवत. प्रत्येक पंगतीला वाफाळता भात मिळायचा. तुम्ही सगळा भात सकाळी अकराला करून ठेवता आणि दुपारी दोनला त्याच्यावर पाण्याचा हबका मारता. मी उभा राहून पाहिलंय.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. माझ्या शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी ताट घेऊन उभी होती. तिनं पाटी मोठ्यानं वाचली, भात घेतला, दोन घास खाल्ले आणि आईला म्हणाली, “मला मसालेभात नाही आवडत.” ती काही चुकीचं बोलली नाही. तिनं जे खाल्लं ते आवडण्यासारखं नव्हतंच. पण आता तिच्या लेखी मसालेभात म्हणजे हे. पुढच्या लग्नात ती त्या काउंटरकडे फिरकणार नाही. आणि मग तुम्ही यजमानाला सांगाल की हल्लीच्या मुलांना हे पदार्थ नको असतात, त्यापेक्षा पास्त्याचा काउंटर ठेवू. आधी चव बिघडवायची आणि मग मागणी नाही म्हणून पदार्थच काढून टाकायचा, हा उद्योग तुम्ही वर्षानुवर्षं करताय.

अळूचंही तेच केलंत. हिरव्या देठाचं भाजीचं अळू, सोबत आंबट चुका, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप, चिंच-गूळ. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, नीट शिजवलं नाही आणि आंबट घातलं नाही तर घसा खाजतो. तुम्ही हा प्रश्न असा सोडवलात की अळूऐवजी पालक घातलात आणि वर पाटी लावलीत अळूची.

मठ्ठ्याबद्दल थोडक्यात. तो ताकाचा असतो, पाण्याचा नाही. जिलबीच्या घासानंतर आलं-मिरची-कोथिंबिरीचा थंड घोट हवा असतो, म्हणून ही जोडी जमलेली आहे. तुमच्याकडे जिलबी एका टोकाला आणि मठ्ठा दुसऱ्या टोकाला, मध्ये मंचुरियन.

आणि ते फेटे! वाढणाऱ्या पोरांना तुम्ही फेटे बांधलेत, दारात अत्तर लावायला नऊवारी नेसलेल्या मुली उभ्या केल्यात, कागदी ताटावर केळीचं पान छापून आणलंत. पानावर मीठ कुठे, लिंबू कुठे, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध वरणभाताची मूद, याला एक शिस्त होती. त्या शिस्तीमुळे जेवणारा काय कशाबरोबर खायचं हे न सांगता शिकायचा. छापील पानावर तुमच्या पोरानं सगळं एकमेकांवर टाकलं. मराठीपण तुम्ही कपड्यांत आणलंत आणि ताटातून काढलंत. मला उलट चाललं असतं. पोरं टी-शर्टात असती आणि हातात तुपाचं भांडं असतं, तर मी तुम्हाला हे पत्र लिहिलंच नसतं.

इथे एक स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही मला पुणेरी हट्टाचा माणूस ठरवाल. अळू-मसालेभात-जिलबी म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचं लग्नाचं जेवण, असा माझा दावा नाही. खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असते, आणि ती भाजी ज्यानं पंगतीत बसून खाल्ली तो आयुष्यभर तिची आठवण काढतो. सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याचं सांबार असतं. जळगावचा केटरर बट्टीच्या जागी नान वाढत असेल, तर हे पत्र त्यालाही लागू आहे. ज्या गावचं लग्न, त्या गावचा निदान एक पदार्थ नीट व्हावा, एवढीच मागणी आहे. बाकीचे पन्नास पदार्थ तुम्ही खुशाल ठेवा.

“लोकांनाच हे हवं असतं,” हे तुमचं ठेवणीतलं उत्तर. लोकांना तुम्ही विचारलंत कधी? परवा तुमच्या पनीरच्या काउंटरवर मी गर्दी पाहिली. पण वऱ्हाडातली म्हातारी मंडळी ताटात नुसता दहीभात घेऊन खुर्ची शोधत फिरली, हेही पाहिलं. त्यांच्याकडे वाकून “अजून एक मूद घ्या ना” म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. आग्रह हाही त्या जेवणाचा भाग होता, आणि तो तुमच्या दरपत्रकात कुठेच लिहिलेला नाही.

आता कामाचं. वैशाखात आमच्या घरचं लग्न आहे आणि भावानं मागवलेलं तुमचं दरपत्रक माझ्यासमोर आहे. त्यात मसालेभात आहे. तो आमच्याकडे हवा असेल तर या अटींवर: गोडा मसाला आम्ही घरून देऊ. तांदूळ जुना, आणि आम्ही पाहून मगच आणायचा. तोंडली आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी चिरायची. भात तीन वेळा, प्रत्येक वेळी ताजा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप. तूप वाढपी प्रत्येकापर्यंत घेऊन फिरेल. पनीर आत येता कामा नये. ज्येष्ठांसाठी दोन पंगती टेबल-खुर्चीवर आणि खऱ्या पानावर. मजुरी वाढत असेल तर आकडा वाढवून पाठवा, मी घासाघीस करणार नाही.

जमत असेल तर शनिवारपर्यंत कळवा. जमत नसेल तर रविवारी मी गावाकडच्या आचाऱ्याला विसार देऊन मोकळा होतो.

आपला,
वरपक्षाकडचा एक काका