लालबुडी भिंगरीला पार्किंगमधून घालवण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन गारखेडा परिसरातील समस्त सोसायट्यांच्या चेअरमनांसाठी असून आमच्या चेअरमनसाहेबांनी ते दोनदा वाचावे.

कलम १. आरोपी ओळखावा. आभाळात किंचाळत गरगरते ती पाकोळी. तिला तारेवर बसताच येत नाही. तारेवर बसते ती भिंगरी. त्यातही हिवाळ्यात रांगेने बसणारी, तांबड्या गळ्याची माळभिंगरी उत्तरेकडची पाहुणी. ती इथे घरटं करत नाही, तिला नोटीस काढू नये. आपली लालबुडी निराळी: पाठ निळीकाळी, कमरेवर तांबूस पट्टा, पोटावर बारीक रेघा, शेपटीची कात्री. क्रीडा संकुलाच्या मैदानावर सकाळी जमिनीलगत झेपावताना बघावी. साहेब तिथे चालायला जातात, पण मोबाइलमध्ये बघत.

कलम २. बांधकाम रोखावे. नर-मादी दोघं चोचीतून चिखलाच्या गोळ्या आणून स्लॅबला खालून चिकटवतात. घरटं आडव्या सुरईसारखं, नळीएवढं तोंड, आत पिसांची गादी. म्हणजे चिखल बंद की काम बंद. आता नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात, ऐन मे महिन्यात ओली माती मिळते कुठे? आमच्या गेटपाशी, टँकरच्या गळक्या पाइपाखाली. पंख वर धरून, पिसांना माती न लागू देता दोघं तिथे उतरतात. तो पाइप बदला म्हणून आम्ही ओरडतोय. साहेब म्हणतात, बघू.

कलम ३. बांबू वापरू नये. आत पांढरी अंडी असतात, बहुधा तीन-चार. शिवाय पाडलं तर ती तिथेच पुन्हा बांधायला घेते, आणि तयार घरटं रिकामं दिसलं तर चिमण्या शिरतात. त्याही शिटतात.

कलम ४. शिट गाडीवर पडते, हा मूळ तक्रारअर्ज. घरट्याच्या हातभर खाली एक फळी लावावी. संपलं.

कलम ५. कीटकनाशकाच्या फवारणीसाठी मेंटेनन्समधून पैसे उचलण्याआधी विचार व्हावा. उडत्या माश्या, चिलटं, पहिल्या पावसातली पंखवाली वाळवी ही जोडी फुकट टिपते. रात्रीचे डास तिच्या ड्युटीत येत नाहीत, तेवढं मान्य. पण वॉचमनच्या ड्युटीत तरी काय येतं?

कलम ६. हरकती लेखी द्याव्यात. पाइपाची दिलेली आहे.