हौसेची गळती

प्लंबरने माझा नकाशा आधी सुलटा पाहिला, मग उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "काका, तीस वर्षं मी लोकांची गळती बंद करतोय. पैसे देऊन गळती करून घेणारे तुम्ही पहिलेच."

गळती नाही हो, धबधबा, असं मी त्याला समजावलं. परसात छोटं तळं, कडेला दगडांची रास आणि तिच्यावरून पडणारं पाणी.

"मग ते पाणी जाणार कुठे?"

"पुन्हा वर."

"आणि वरून?"

"पुन्हा खाली."

त्याने खिशातून टेप काढली. समोरचा माणूस कळेनासा झाला की तो मापं घेतो.

तळं ८ फूट बाय ५ फूट, खोली २ फूट. म्हणजे ८० घनफूट, सुमारे २,२६५ लिटर पाणी. सगळं पाणी तासातून एकदा गाळणीतून फिरावं असा ठोकताळा. त्या हिशेबाने बेताचा पंपही पुरला असता. पण धबधब्याचं खातं वेगळं. पाण्याची एक फूट रुंद चादर नीट पडायला ताशी साडेचार हजार लिटर तरी हवेत. त्याहून कमी सोडलं तर ते दगडाला चिकटून ओघळतं, आणि मग प्लंबरचंच म्हणणं खरं ठरतं.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे होते: ताशी ५,००० लिटर आणि उंची ३ मीटर. दोन्ही खरे, पण एकाच वेळी नव्हे. पाणी मुळीच चढवायचं नसेल तेव्हा ते ५,००० लिटर. ३ मीटरपर्यंत चढवलं, की तोंडातून थेंब बाहेर पडत नाही. स्थळांची माहितीपत्रकं वाचून वाढलेल्या आमच्या पिढीला हे आधीच कळायला हवं होतं. माझ्या ४ फूट उंचीवर किती पाणी पडेल ते विचारून शेवटी मोठा पंप आणला.

पाइपावरून पुन्हा अडलं. प्लंबरच्या पिशवीत अर्धा इंची पाइप आणि मूठभर एल्बो होते; मी दीड इंची मागत होतो. "सोसायटीची टाकी भरायचीय का?" त्याने विचारलं. व्यास तिप्पट केला की पाण्याला वाट नऊपट मिळते, आणि प्रत्येक काटकोनी वळण पंपाचा थोडा जोर खातं, हे मी कागदावर काढून दाखवलं. त्याने एल्बो मुकाट्याने पिशवीत परत टाकले.

आमच्याच पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नुसत्या उतारावर आलं. माझं पाणी चार फूट चढण्यासाठी १०० वॉटचा पंप चोवीस तास चालवतं, रोजची २.४ युनिटं. रात्री बंद ठेवावा, तर गाळणीतल्या जिवाणूंची पंचाईत. तळ्यातल्या माशांनी सोडलेला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारी ही मंडळी वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात, आणि त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. पहिल्या खेपेला मी हौसेने गाळणीचे स्पंज महापालिकेच्या नळाखाली लख्ख धुतले. क्लोरीनने ती अख्खी वस्ती उठवली. आता तळ्याचंच पाणी बादलीत घेतो आणि त्यात स्पंज नुसते पिळून काढतो. स्वच्छतेचा अतिरेक करू नये, हे मला पटवायला घरच्यांनाही जमलं नव्हतं.

अखेर एका संध्याकाळी पाणी पडू लागलं. मी खुर्ची टाकून डोळे मिटले. मन शांत होणार एवढ्यात शेजारून हाक आली, "अहो, तुमची टाकी भरून वाहतेय!" पैसे न्यायला आलेला प्लंबरही बोलता बोलता दोनदा पान्ह्याकडे हात नेऊन थांबला. पडत्या पाण्याच्या आवाजाने मन निवतं म्हणतात. आपल्याकडे तो आवाज ऐकला की माणूस आधी उठून उभा राहतो.

सगळ्यात हाल आईचे झाले. ती मनमाडची. पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट बघण्यात तिचं माहेर गेलं. धबधबा तिने दिवसा कौतुकाने पाहिला, "छान आहे हो," असंही म्हणाली. पण रात्री दोनदा उठून बाथरूमचे, स्वयंपाकघरातले आणि गच्चीवरचेसुद्धा नळ तपासून आली. "तेच पाणी आहे गं, वाया जात नाही," मी सांगितलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा उठली.

परवा रात्री वीज गेली. पंप थांबला, चादर विरली, दोन-चार थेंब टपटपले आणि परसात एकदम सामसूम झाली. अंधारातून आईचा निवांत आवाज आला.

"केला का रे कुणी बंद एकदाचा?"

"हो," मी म्हणालो. वीज येईपर्यंत तेवढं खरंच होतं.