वाडा मोजून झाला

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका वाड्याचं आजवर सात वेळा मोजमाप झालंय. जागेचं नव्हे. ती मोजायला आलेला सरकारी माणूस चुलतघराण्यातली भांडणं ऐकून दारातूनच परत गेला. मी म्हणतोय ते आर्किटेक्चरच्या पोरांचं. दर हिवाळ्यात नवी तुकडी येते. खांद्याला ड्रॉईंगची नळकांडी, हातात टेप, अलीकडे लाल ठिपका टाकणारं लेझरचं यंत्र. दिंडी दरवाजातून आत येताना पहिल्या दिवशी एकाचं तरी कपाळ शेकतं. मग चौक मोजतात, ओसरी मोजतात, खांबांची कमळं चितारतात, माना वर करून कडीपाटाच्या कड्या मोजतात. मालक आजोबा ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले असतात. शेवटच्या तुकडीला ते म्हणाले, "अहो, चौक सव्वासोळा फूट आहे. तुमच्या आधीच्या सहाही बॅचना सव्वासोळाच आला. तुम्हालाच पावणेसोळा कसा येतो? टेप बघा बरं."

चहा होतो, पोरं जातात. पुढे कुठल्याशा परिषदेत निबंध वाचला जातो: पारंपरिक वाड्यातील नैसर्गिक शीतकरण. त्यात वाड्याचा उभा छेद असतो आणि बाण असतात. निळे बाण जोत्याजवळून आत शिरतात, घरभर हिंडून लाल होतात आणि चौकातून आभाळाकडे जातात. आजोबांना स्पायरल बाइंडिंग केलेली एक प्रत मिळते. ती त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली.

"सगळं बरोबर आहे," म्हणाले, "फक्त हा लाल बाण वर कुठून गेला? तिथे वरच्या बिऱ्हाडाने पत्रा टाकलाय."

त्या पत्र्यावर आजवर एकाही पोराने निबंध लिहिलेला नाही. माझी तक्रार तेवढीच आहे, बाकी सगळा फराळ.

पत्रा का पडला? छप्पर गळत होतं म्हणून. छप्पर का गळत होतं? वरच्या बिऱ्हाडाचं भाडं चाळीस रुपये म्हणून. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा दिली. चाळिसावर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. तेवढ्यात कौलं चाळणारा माणूस शिडीला हातसुद्धा लावत नाही. मालक म्हणतो दुरुस्ती भाडेकरूने करावी, भाडेकरू म्हणतो मालकाने. मालक तरी कोणता? मिळकत पत्रिकेवर अकरा नावं. एक न्यू जर्सीत, एक बेळगावात, एकाचा पत्ता नाही, आणि उरलेल्यांतल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. दर मे महिन्यात महापालिका 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवून जाते आणि पहिल्या पावसात ती भिंतीच्या आधी पडते. वाडा गार राहणार की तापणार हे चौक ठरवत नाही, दिवाणी न्यायालय ठरवतं. पण न्यायालयाला निळा बाण लावायचा की लाल, हे अभ्यासक्रमात नसावं.

असली चौकशी पुण्यात झालीच नाही असं मात्र नाही. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पहिला भाग १९४५ साली छापला, दुसरा १९५२ साली. घरात माणसं किती, कमावतं कोण, काय काम करतं, किती आणतं. शहर म्हणजे आधी बिऱ्हाडं, मग इमारती, हे त्या अर्थशास्त्रज्ञाला कळत होतं. त्याच्याही आधी पॅट्रिक गेडिस नावाचा एक दाढीवाला स्कॉटिश गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागला. तो गावोगाव पायी हिंडून सांगे की रस्त्यासाठी आख्खी आळी सपाट करू नका. एखादं मोडकं घर काढा, तिथे मोकळी जागा करा, बाकीची सांभाळा. आधी निदान, मग सुरी. गेडिस आर्किटेक्ट नव्हता, मूळचा वनस्पतिशास्त्राचा. म्हणून असेल, त्याला झाडाच्या मुळाशी हात घालायची सवय होती.

आमच्याकडे सुरी आधी चालते आणि निदान पीएचडीसाठी राखून ठेवतात. सस्टेनेबल या शब्दाला आपण 'शाश्वत' असा प्रतिशब्द काढला. गीतेत हे विशेषण आत्म्याला आहे, आता ते निविदेला लागतं. विद्यापीठ चौकातल्या उड्डाणपुलाने मात्र गीता मनावर घेतली. २०२० च्या जुलैत, वयाची विशीही गाठली नव्हती तोवर, त्याने जुनं वस्त्र टाकलं आणि मेट्रोसकट नवं नेसायला घेतलं. देशातली पहिली बीआरटी बससेवा २००६ साली कात्रज ते हडपसर धावली. तिचे किती अभ्यास झाले! थांबे उखडले, अभ्यास टिकले. सायकल आराखडा २०१७ चा. तो उत्तम आहे. सायकलीवर नेण्याइतका हलका मात्र नाही.

हे बाहेरच्यांबद्दल झालं. आता घरचं. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने, नुसत्या उतारावर, शहरातल्या हौदांपर्यंत येई. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधलेले होते. आमच्या सोसायटीत गच्चीवरचं पाणी चार मजले खाली पार्किंगमधल्या शोषखड्ड्यापर्यंत पोचत नाही. पाइप दुसऱ्या मजल्यावर संपतो. खड्ड्यावर जाळी आहे, जाळीवर सेक्रेटरींची स्कूटर आहे आणि मिळकतकरात पर्जन्यजलसंधारणाची पाच टक्के सवलत आहे. मी सभेत विषय काढला तेव्हा मला विचारण्यात आलं, "तुम्हाला सवलत नकोय का?" मी खाली बसलो. मलाही पाच टक्के शाश्वत वाटतात.

तर तो वाडा. यंदा अकरा सह्या जमल्या. बेपत्ता वारस निघाला भोसरीत. बिल्डर ठरला, भाडेकरूंना खोल्यांऐवजी फ्लॅट ठरले, नव्या इमारतीच्या नावात 'वाडा' हा शब्द ठेवायचंही ठरलं. गच्चीवर सोलर, खाली दोन थर पार्किंग, मधे चौक नाही, कारण चौकाला जागा लागते आणि त्यात कुणी राहत नाही. आजोबा काही दिवस लेकीकडे सिंहगड रोडला जायचे आहेत.

जुनं लाकूड घेणारा ठेकेदार गेल्या आठवड्यात पाहायला आला तेव्हा मी तिथे होतो. खांब ठोकून बघितले, तुळईला नख लावून बघितलं, म्हणाला, "माल चांगलाय, पण अंदाज लागत नाही. नकाशा-बिकाशा आहे का काही?"

आजोबा आत गेले आणि पत्र्याची ट्रंक ओढत घेऊन आले. सात तुकड्यांचं सगळं जपून ठेवलेलं. ठेकेदाराने सर्वांत नवी गुंडाळी निवडली, चौकातच मांडी घातली, कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार विटेचे तुकडे ठेवले आणि मोबाइलवर हिशोब सुरू केला. खांब इतके, तुळया इतक्या, कड्या खणाखणाने मोजलेल्या, प्रत्येकीची जाडी सुतापर्यंत. सागवान किती घनफूट निघेल ते वीस मिनिटांत बाहेर आलं.

"काय झकास काम केलंय हो पोरांनी," तो म्हणाला. "एक कडी सुटली नाही. असं कुणी देत नाही आम्हाला."

आजोबा कागदावर वाकून बघत होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, चौकातला पावणेसोळाचा आकडा खोडला आणि त्यावर सव्वासोळा लिहिलं.