सव्वा किलोचे इंजिनेर

धाराशिव जिल्ह्यात आता बऱ्यापैकी मोठ्या गावात एकेक इंजिनेर असतोच. कळंबला असतो, वाशीला असतो, उमरग्याला गल्लीआड सापडतो. २०२० च्या मार्चमध्ये हा गडी हिंजवडीहून आठ दिवसांसाठी म्हणून घरी आला. कंपनी म्हणाली, घरूनच काम करा. ते आठ दिवस अजून संपायचेत. गाव त्याला नावानं हाक मारत नाही. "इंजिनेर, जरा आमच्या पोराचा फॉर्म भरून द्या की," एवढीच त्याची सार्वजनिक ओळख. ही ओळख त्याला अपमानास्पद वाटते आणि फॉर्म मात्र तो भरून देतो.

आमच्या गल्लीतल्या इंजिनेरांची खूण अशी की कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती तळहातावर तोलतात. लग्नातला नारळ असो की सत्काराची ट्रॉफी. हा लॅपटॉपच्या खरेदीनं लागलेला नाद आहे. खरेदी दोन वर्षं चालली होती. तिचा एक तक्ता होता, त्यात वजन, रॅम, पोर्ट, बॅटरी, पडदा असे रकाने. वजनाचा रकाना सगळ्यात आधी आणि पिवळा रंगवलेला. तक्ता पूर्ण होत आला की त्यातलं एखादं मॉडेल बाजारातून जायचं आणि इंजिनेर पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे. दरम्यान रोजचं काम कंपनीनं दिलेल्या अडीच किलोच्या जाडजूड लॅपटॉपवर बिनबोभाट चाललं होतं. त्याबद्दल मात्र ते शेजारच्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

हलक्या लॅपटॉपवर त्यांना बोलतं करायला फार लागत नाही. "बाजारात चाललेला पहिला उचलून न्यायचा कॉम्प्युटर १९८१ चा, ऑस्बोर्न. वजन जवळजवळ अकरा किलो!" हे ते अशा सुरात सांगतात की तो यांनीच तुळजापूरच्या पायऱ्यांवरून वर नेला असावा. मग २००८ चा जानेवारी येतो. स्टीव्ह जॉब्सनं भर सभेत कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला तो क्षण. त्या पाकिटातल्या यंत्राला यूएसबीचं एकच भोक होतं, सीडी चालत नव्हती, लॅनची वायर जोडता येत नव्हती, हा भाग इंजिनेर सांगत नाहीत. कथेकऱ्याला कुठं थांबायचं ते कळतं.

२०२२ मध्ये एम-टू चिपचा एअर आला, १ किलो २४० ग्रॅम, किंमत १,१९,९०० रुपये, आणि तक्ता बंद झाला. घरी खोकं उघडलं तेव्हा मी होतो. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, लॅपटॉप उलटसुलट करून बघितला.

"एवढ्यात धा-बारा शेळ्या आल्या असत्या."

"अण्णा, शेळ्यांवर कोडिंग होत न्हाई."

"तेच म्हणायलोय. उस्मानाबादी शेळी लई गुणाची. अंगानं हलकी, खाणं बेताचं, जुळी देती. पण तिला कुणी नांगराला जुंपत न्हाई बाबा."

तांत्रिक परीक्षणं मी पुष्कळ वाचली आहेत, पण याहून नेमकं वाक्य त्यांत नव्हतं. कारण इंजिनेरांचं काम नांगराचंच. हजारो फायलींचा प्रोग्राम पुनःपुन्हा बांधायचा, सोबत डेटाबेस चालू, चाचण्यांचं लटांबर चालू, एका कोपऱ्यात आख्खं दुसरं आभासी मशीन चालू, आणि या सगळ्यावर साहेबांची व्हिडिओ मीटिंग. त्या किमतीत रॅम आठ जीबी. जुन्या जाड लॅपटॉपात रॅम कमी पडली तर तळाचे स्क्रू काढून सोलापूरचा दुकानदार दहा मिनिटांत नवी पट्टी बसवून देतो. यात रॅम चिपच्या सोबतच कायमची बसवलेली. घेताना जे ठरलं ते ठरलं, पत्रिकेतल्या ग्रहांसारखं. शिवाय या मॉडेलला बाहेरचा पडदा थेट एकच जोडता येतो आणि इंजिनेरांच्या टेबलावर दोन. २०२४ च्या एम-थ्री एअरला झाकण मिटून दोन चालतात ही बातमी आली त्या दिवशी ते जेवले नाहीत असं वहिनी सांगतात.

पण खरा प्रसंग उन्हाळ्याचा. या लॅपटॉपला पंखा नाही. आवाज नाही, धूळ नाही, ही त्याची थोरवी. मात्र काम लांबलं की चिप तापते, आणि तापलेली चिप स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. पुण्याच्या वातानुकूलित ऑफिसात हे ध्यानातही येत नाही. इथं एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि इंजिनेरांची खोली पत्र्याची. दुपारी दोनला लावलेलं काम चहाच्या वेळेलाही 'सुरू आहे' असंच म्हणत बसतं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी लॅपटॉप स्टीलच्या परातीत ठेवून बघितला, धातू उष्णता ओढून घेतो म्हणून. विचार शास्त्रशुद्ध होता, थोडा फरकही पडला. पण साडेसहाला वहिनी दारात उभ्या.

"परात द्या. भाकरी थापायच्यात."

"पाच मिनिटं. टेस्ट चालू हाय."

"पोरांला काय टेस्ट वाढू?"

दुसऱ्या वर्षापासून मे महिन्यात ते चुलत्यांच्या जुन्या माळवदात बसायला जाऊ लागले. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, आत गारवा. लॅपटॉप तिथं सरळ चालतो. इथल्या लोकांना हलकं-जडचं गणित फार महाग पडून कळलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लोहारा-उमरग्याकडं, सास्तूर भागात, अशाच दगडमातीच्या जड घरांखाली माणसं गेली. त्यानंतर कित्येकांनी डोक्यावर जड छप्पर नको म्हणून पत्रा पत्करला, आणि त्यासोबत उन्हाळाही. इंजिनेरांचे चुलते अजून रात्री माळवदाखाली झोपत नाहीत, दुपारचे तेवढे बसतात.

इंजिनेरांचं खरं वजन कळलं ते खव्याच्या दुकानात. कुंथलगिरीच्या बाजूला पेढे घ्यायला थांबलो होतो. इलेक्ट्रॉनिक काटा रिकामा दिसला तसा त्यांनी लॅपटॉप काढून अलगद त्यावर ठेवला. आकडा आला १.२४०. "बघा, ग्रॅमचाही फरक न्हाई!" चेहऱ्यावर समाधान असं की खवा यांनीच आटवला. दुकानदार धंद्यातला माणूस, तो म्हणाला, "आता पिशवीसकट ठेवा की." इंजिनेर टाळत होते. मी ठेवली. चार्जर, लॅनसाठी अडॅप्टर, पेन ड्राइव्हसाठी अडॅप्टर, दुसऱ्या पडद्यासाठी डॉक, त्या डॉकचा वेगळा चार्जर, कीबोर्डच्या पट्ट्या पुरेशा दबत नाहीत म्हणून वेगळा कीबोर्ड, माउस, घडीचं स्टँड, साठवण कमी पडते म्हणून बाहेरची डिस्क. काट्यानं चार किलोच्या वर आकडा दाखवला. "याच्यात पॅकिंग धरलं का?" दुकानदारानं विचारलं.

त्यांचा एक मावसभाऊ साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. त्याच्याकडचा लॅपटॉप मळीच्या रंगाचा झालेला, कोपरा चिकटपट्टीनं धरलेला, पण मागं नऊ टाचण्यांचा जुना सिरियल पोर्ट शाबूत. गळीत हंगामात रात्री दोनला मिल थांबली की तो थेट मिलच्या पीएलसीला, म्हणजे कंट्रोलरला, वायर लावतो आणि बिघाड वाचतो. इंजिनेरांनी त्याला एकदा हलका घ्यायचा सल्ला दिला होता. "अडॅप्टर लावायचं. त्याचा ड्रायव्हर टाकला की झालं." मावसभाऊ म्हणाला, "दादा, मिल बंद हाय, ऊस गव्हाणीत हाय, चेअरमन फोनवर हाय. ड्रायव्हर कवा टाकू?"

तरीही इंजिनेरांवर नुसतं हसून चालणार नाही. वीज जाते तेव्हा गल्लीत त्यांचाच दिवस असतो. कंपनीचा तो जाड लॅपटॉप, वर्कस्टेशन म्हणतात तसला, जड काम लावलं की दीड-दोन तासांत मान टाकतो, आणि त्याच्या चार्जरचं ओझं छोट्या इन्व्हर्टरला पेलत नाही. एअर दुपारभर निवांत, आणि त्याचा चार्जर तीस वॉटचा. लाईट गेलेल्या घरात सगळे वारा घालत बसलेले आणि इंजिनेर खिडकीशी टकटक करताहेत, हे दृश्य मी पाहिलंय. महिन्याकाठी एसटीनं पुणं गाठायचं असेल, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर शेजारच्याचं पोर, तर सव्वा किलो ही चैन म्हणता येत नाही. अडचण एवढीच की ते महिन्याकाठी एकदाच प्रवास करतात, आणि उरलेले दिवस लॅपटॉप टेबलावर, सहा वायरींना बांधलेला असतो.

यंदा त्यांचा पुतण्या तुळजापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकांनी तक्ता पाठवला. पुतण्यानं तो वाचून सोलापुरातून जुनं वर्कस्टेशन उचललं, तीन किलोच्या वर, रॅम चौसष्ट जीबी, एअरच्या निम्म्याहून कमी किमतीत. गावी आणून माळवदात ठेवलं. चार दिवस काका त्याच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. आपल्या एअरवरून नेटनं त्या मशीनमध्ये शिरायचं, जड काम तिकडं लावायचं, इकडं नुसता पडदा बघायचा. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत. मग गल्लीत सांगत फिरले, "पंखा न्हाई, आवाज न्हाई, आणि स्पीड बघा!"

परवा रस्त्याच्या खोदाईत जेसीबीनं फायबर तोडलं. मोबाइलची रेंज एका कांडीवर आणि संध्याकाळी काम द्यायचं. कोडची ताजी प्रत तिकडच्या मशीनवर. इंजिनेर एअर काखेत मारून उन्हातून माळवदात पोचले, मशीनला थेट वायर लावायला. तिथं गेल्यावर कळलं, लॅनचा अडॅप्टर घरी राहिला.

"काका, तुम्ही ह्याच्यावरच बसा," पुतण्या खुर्ची सोडत म्हणाला. "मी तवर जेवून येतो."

इंजिनेर बसले. एअर त्यांनी बाजूच्या कोनाड्यात नीट उभा केला आणि वर्कस्टेशनचा पंखा घरघरायला लागला तेव्हा मान न वळवता म्हणाले, "पर एक हाय. हितवर आणायला कायसुद्धा वाटलं न्हाई."